लांबट तंबूचे दगड

इंगोल्फ क्वाम्मे यांना त्र्याण्णवावं लागलं होतं. कान गेले, गुडघे गेले, दातांची तर आठवणही राहिली नव्हती, पण एक हट्ट तेवढा जाता जात नव्हता. आजोबांची आई कुठं पुरलीय ते मरायच्या आत कळलं पाहिजे.

"वर गेल्यावर पहिला प्रश्न हाच येणार," असं ते लेकीला, आर्लिसला, दर रविवारी ऐकवत. "आजोबा दारातच उभे असतील. म्हणतील, इंगोल्फ, सापडली का रे माझी आई? काय सांगू मी? वृद्धाश्रमात टीव्ही बघत बसलो होतो, असं सांगू?"

"तुम्ही एवढ्यात कुठं निघालात, बाबा?"

"निघालो नाही, पण बॅग भरून ठेवलीय."

हकीकत तशी चारचौघांसारखीच. ओले क्वाम्मे आणि त्याची बायको गुनहिल्ड नॉर्वेहून अमेरिकेत, या डकोटाच्या माळावर आले तेव्हा इथं गवत आणि वारा यांखेरीज काही नव्हतं. ढेकळं रचून त्यांनी घर केलं. दुसरा हिवाळा सरता सरता नील्स जन्मला आणि त्याच दुखण्यात गुनहिल्ड गेली. ओलेनं वर्षाच्या आत दुसरी केली, शेताच्या पार दुसऱ्या टोकाला लाकडी घर बांधलं, आणि पोरगा शाळेत जायच्या आधी स्वतःही गेला. सावत्र आईपुढं पहिलीचं नाव काढायची सोय नव्हती. नील्स विचारायचा, तर म्हणायची, "असेल तिकडं माळावर. तेव्हा सगळे माळावरच जायचे." बिचारा आयुष्यभर 'तिकडं' म्हणजे कुठं ते शोधत राहिला आणि शेवटच्या आजारात नातवाचा हात धरून तेवढं एकच मागणं मागून गेला.

नातू म्हणजे हे इंगोल्फ. यांनी गव्हाच्या नादात चाळीस वर्षं घालवली आणि मग ते ओझं लेकीच्या डोक्यावर ठेवलं.

आर्लिसनं जन्मभर शाळेची बस चालवली होती. निवृत्त झाल्यावर बाई चर्चच्या जुन्या वह्या घेऊन बसली. ते नॉर्वेजियन, ते वाकड्या आकड्यांसारखं अक्षर. पहिला हिवाळा नुसता अक्षर लागण्यात गेला. पुढं पुढं मात्र गावातल्या कुणाचा पणजोबा लग्नानंतर किती घाईनं जन्मला होता, हेसुद्धा तिला ठाऊक झालं. लोक किराणा दुकानात तिला टाळायला लागले. इतकं करून गुनहिल्डचा पत्ता नाही तो नाहीच, कारण आपल्या चर्चच्या वह्या सुरू होतात चर्च बांधल्यावर, आणि ती बाई मेली त्याच्या आधी.

वृद्धाश्रमात इंगोल्फ यांची एक गोष्ट प्रसिद्ध होती. तिथं काम करणारी कार्ला प्रत्येक नव्या माणसाला धरून आणायची आणि म्हणायची, "आजोबा, ती दगडांची सांगा."

इंगोल्फ तयारच असायचे. इथल्या जमिनीची खोड अशी की हिवाळ्यात ती गोठून फुगते आणि वसंतात खालचे दगड वर ढकलते. दर वर्षी पेरणीच्या आधी घरातल्या लहानथोरांनी दगड वेचायचे, बिनचाकांच्या घसरगाडीत भरायचे आणि बांधाच्या ढिगावर टाकायचे. क्वाम्मेंच्या शेतात नांगराला दगड लागत नाही, हा घराण्याचा तोरा. इंगोल्फ आठ वर्षांचे होते तेव्हा मोठा दुष्काळ पडला. तळं आटलं. कुठून तरी चार पोती जास्त निघावीत म्हणून तळ्याशेजारचं कधीच न नांगरलेलं गवताळ रानही तेव्हा फोडायला घेतलं. तिथं गवतात अर्धवट रुतलेलं दगडांचं एक कडं होतं.

"असली कडी तेव्हा माळावर जिकडंतिकडं," इंगोल्फ सांगायचे. "आपल्याआधी इथं डकोटा लोक राहायचे ना, त्यांच्या तंबूंचे ते दगड. तंबूची कड दाबून ठेवायला. सगळेच उचलायचे, कुणी विचारसुद्धा करायचं नाही. पण मी म्हटलं, आजोबा, त्यांचा तंबू तर गोल असतो, हा लांबट का? तर आजोबा म्हणाले, नवरा-बायकोचं भांडण असेल, लांब लांब झोपत असतील."

इथं हमखास हशा पिकायचा.

"मी एकट्यानं उचलले सगळे. एक तर सपाट धोंडा होता, तो पहारीनं उपटला. आजोबा नुसते बघत उभे होते. शेवटी पाठीवर थाप मारून त्यांनी खिशातला हा चाकू काढून दिला. म्हणाले, आता तू क्वाम्मे झालास."

मग तो चाकू खिशातून निघायचा आणि हातोहात फिरायचा.

मार्चमध्ये मेविस लुंडेबीचा फोन आला. ही मेविस म्हणजे चर्चच्या जुन्या सामानाची राखणदार. तिच्या तळघरात बायबलं, वह्या आणि लोणच्याच्या बरण्या एकाच फळीवर.

"ये लवकर," ती म्हणाली. "पलीकडच्या तालुक्यातलं ते जुनं चर्च बंद पडलं ना, त्यांची पेटी माझ्याकडं आलीय. आपलं चर्च व्हायच्या आधी तिथलाच पाद्री घोड्यावरून इकडं यायचा म्हणे."

आर्लिस कोट नीट न घालताच निघाली. मेविसच्या स्वयंपाकघरात टेबलावरचा केक बाजूला सारून दोघींनी वही उघडली. त्या काळची रीत अशी की हिवाळ्यात माणूस गेलं तर घरच्यांनीच पुरायचं. उन्हाळ्यात पाद्री फिरतीवर आला की तो त्या जागी जाऊन प्रार्थना म्हणायचा, तीन वेळा माती टाकायचा, आणि तेव्हा कुठं ते दफन पुरं व्हायचं. म्हणून वहीत प्रत्येक मेलेल्यापुढं दोन तारखा.

"सापडली," आर्लिस म्हणाली. तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही. "गुनहिल्ड, ओले क्वाम्मेची बायको. मार्चमध्ये गेली, जूनमध्ये माती दिली."

"कुठं ते लिहिलंय का?"

"लिहिलंय. थांब. 'घरच्या जमिनीत, तळ्याच्या पूर्वेला, उंचवट्यावर.'" आर्लिस रडत होती आणि हसतही होती. "अगं, म्हणजे आपल्याच शेतात. इतकी वर्षं आपल्याच शेतात होती बाई."

मेविसनं केकचा मोठा तुकडा कापून तिच्यापुढं ठेवला. "खा आधी. म्हाताऱ्याला सांगशील तेव्हा उड्या मारेल. पुढं काय आहे?"

"'नवऱ्यानं स्वतःच्या हातानं भोवती दगड लावले आहेत. उशाला एक सपाट...'"

आर्लिस थांबली. मेविसनं वाट बघितली, मग वही स्वतःकडं ओढली, पण तिला ते अक्षर लागेना.

"काय गं? काय झालं?"

"लांबट तंबू," आर्लिस म्हणाली.

मेविसनं ती गोष्ट डझनभर वेळा ऐकली होती. तिला समजायला वेळ लागला नाही. तिनं हळूच केकची सुरी खाली ठेवली.

"सांगू नकोस," ती म्हणाली. "म्हण, काही सापडलं नाही."

"मग ते वर जाऊन आजोबांना काय सांगणार?"

"आणि हे कळलं तर काय सांगणार?"

 आर्लिसनं वही मिटून पेटीत ठेवली.

बर्फ वितळल्यावर आर्लिस शेतावर गेली. उंचवटा नावालाच उरला होता, इतक्या वर्षांच्या नांगरटीनं तो बसत बसत गेला होता. एकसारखी काळी जमीन. इथं म्हणावं तर इथं, तिथं म्हणावं तर तिथं. मग ती बांधावरच्या ढिगाकडं गेली. चार पिढ्यांनी वेचलेले दगड, तिच्याहून उंच ढीग. तिनं स्वतः लहानपणी त्यात भर घातली होती. सपाट धोंडे बघितले तर पन्नास निघतील. त्यांतला ओलेनं बायकोच्या उशाला लावलेला कुठला, हे कोण सांगणार? तिनं दोन-चार उलटून बघितले आणि मग स्वतःचाच राग येऊन ती खाली बसली. कुणावर चिडावं तर चिडायला माणूसच नव्हतं. सगळ्यांनी आपापलं काम चोख केलं होतं.

निघताना तिनं कॉफीच्या रिकाम्या डब्यात तिथली माती भरून घेतली. ठरवलं असं की जागा सांगायची, माती द्यायची, दगडांचं नाव काढायचं नाही. म्हातारा माणूस, आनंदात विसरून जाईल.

रविवारी तिनं बाबांच्या कानाशी तोंड नेऊन सांगितलं. "सापडली, बाबा. आपल्याच शेतात आहे. पाद्रीनं मातीही दिली होती."

  इंगोल्फ यांनी तिचा हात घट्ट धरला. "शाबास, पोरी. आता मी आजोबांना तोंड दाखवू शकतो. कुठं? नेमकं कुठं?"

"तळ्याच्या बाजूला." 'पूर्वेला' हा शब्द तिनं गिळला. "ही तिथली माती."

त्यांनी डबा मांडीवर घेतला, चिमूटभर माती काढली आणि जन्मभराच्या सवयीनं बोटांत चोळली. "बघ, कशी मऊ आहे. एक खडा नाही." चेहऱ्यावर तोच जुना तोरा आला. "पण दगड असतील ना गं तिथं? लांडग्या-कोल्ह्यांच्या भीतीनं तेव्हा दगड लावायचेच. मोठे दगड. ते बघितलेस का?"

"आता नाहीत, बाबा."

"नाहीत म्हणजे? कुणी नेले?" त्यांचा आवाज चढला. "तो पलीकडचा स्वीडिश असणार. त्याच्या बापालाही दुसऱ्याच्या वस्तूला हात लावायची खोड होती. बाईच्या थडग्यावरचे दगड नेतो म्हणजे काय माणूस आहे का..."

आर्लिस खाली बघत होती. तिनं बघायला हवं होतं बाबांकडं, स्वीडिशाच्या नावानं हो म्हणून दोन शिव्या घालायला हव्या होत्या. तिला ते जमलं नाही. खोटं बोलायची सवयच नव्हती कुठली. आणि बाबा तिच्या खाली घातलेल्या मानेकडं बघत राहिले.

त्यांची बोटं मातीत थांबली.

"तळ्याच्या कुठल्या बाजूला?" त्यांनी विचारलं.

तिनं त्यांच्या मांडीवर सांडलेली माती झटकली.

"पूर्वेला," ते स्वतःच म्हणाले. "उंचवट्यावर."

"बाबा, तुम्ही आठ वर्षांचे होतात. आणि सगळेच उचलायचे, तुम्हीच सांगता ना."

"आजोबा तिथं उभे होते गं." एवढंच ते म्हणाले, आणि थोड्या वेळानं पुन्हा तेच म्हणाले. "हसत होते. त्यांनीच पहार आणून दिली."

आर्लिसनं त्यांचे खांदे धरले.  इंगोल्फ यांनी खिशात हात घातला, चाकू काढला, डब्यातल्या मातीत खोचला. मग झाकण लावायला गेले, तर बोटांत जोरच नव्हता.

तेवढ्यात दार उघडून कार्ला आत आली. मागं कालच कामाला लागलेली एक नवी मुलगी.

"हे आमचे इंगोल्फ आजोबा," कार्ला मोठ्यानं म्हणाली. "आजोबा, हिला ती दगडांची सांगा ना. लांबट तंबूची."

इंगोल्फ यांनी दोघींकडं बघितलं.

"मला तसली कुठली गोष्ट येत नाही," ते म्हणाले.

"अहो, रोज तर सांगता."

"दुसरा कुणी सांगत असेल."

कार्लानं गोंधळून आर्लिसकडं पाहिलं. आर्लिसनं बाबांच्या मांडीवरून डबा घेतला आणि झाकण दाबून लावलं.