आगाऊ चौकटी

माझ्या मुलीची काळजी मला एकटीला करावी लागत नाही, हे केवढं भाग्य! सासूबाई आहेत, खालच्या मजल्यावरच्या काकू आहेत आणि हल्ली घरचा कॉम्प्युटरही हातभार लावतो. वीजबिल भरायला बसावं, तर कोपऱ्यातून टुणकन चौकट उगवते: ‘तुमचं मूल अजून बोलत नाही? उशीर करू नका!’ ती मिटवावी, तर दुसरी: ‘दहापैकी नऊ आया ही चूक करतात.’ ती दहावी कुठे राहते कळलं असतं, तर जाऊन पाय धरले असते.

चिऊला दोन वर्षं पूर्ण झाली, तरी तोंडून एक शब्द नाही. समजायचं सगळं, पण हवं-नको ते बोटानेच. माझ्या मांडीवर बसून ती माझा आणि चौकटींचा संवाद मात्र मन लावून ऐकायची. "नको! नको म्हटलं ना! मेल्या, नको!"

शेवटी धाकट्या नणंदबाईंना बोलावलं. कॉम्प्युटर हेच त्यांचं पोटापाण्याचं साधन.

"वहिनी, यांना घरात कुणी घेतलं?"

"आपोआप आल्या."

"आपोआप? ‘सूचना पाठवू का?’ असं विचारलं की तू ‘हो’ दाबतेस."

"महत्त्वाचं काही असलं आणि चुकलं तर?"

"धन्य आहेस! दार सताड उघडं टाकायचं, वर गर्दी झाली म्हणून रडायचं."

त्यांनी एकेका साइटची परवानगी काढून घेतली, जाहिराती अडवणारं काहीतरी बसवलं, आपोआप उघडणाऱ्या खिडक्या बंद केल्या. "आता चिटपाखरू फिरकणार नाही."

खरंच फिरकलं नाही. घर इतकं शांत झालं की मला धडकीच भरली. कुणी घाबरवलंच नाही, तर कशाला घाबरायचं हे कळणार कसं?

दुसऱ्या दिवशी चिऊला डॉक्टर कॉम्प्युटरवरूनच तपासणार होते. ही वेळ मिळायला आम्ही किती थांबलो होतो! चिऊला मांडीवर घेऊन लिंक दाबली. काही नाही. पुन्हा दाबली. चिटपाखरूसुद्धा नाही. रडकुंडीला येऊन नणंदबाईंना फोन लावला.

"अगं, त्यांची खिडकी वेगळी उघडत असणार, ती आपण अडवलीय. वर पत्त्याच्या पट्टीच्या टोकाला खूण दिसते? ती दाब आणि फक्त यांना परवानगी दे."

"काल तर म्हणालीस, कुण्णाला म्हणून..."

"वहिनी, डॉक्टर आणि भामटा यांत फरक असतो गं!"

परवानगी दिली. टुणकन खिडकी उघडली. आत हसतमुख डॉक्टर.

"नमस्कार! काय म्हणतात आमच्या..."

चिऊ मांडीवर ताठ झाली. डॉक्टरांच्या नाकावर बोट रोखून खणखणीत आवाजात म्हणाली, "नको!"

गृहस्थ हलेनात, तेव्हा माझ्याच सुरात, "मेल्या, नको!"

दारात उभ्या सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. माझे डोळे घळाघळा वाहायला लागले. लेकीची शिवी ऐकून आनंदाने रडणारी आई त्या नऊ जणींत नक्कीच नसेल.

डॉक्टर मोठे शांत. "उच्चार स्वच्छ आहेत. दोन शब्द जोडतेय, तेही योग्य जागी. फार काळजीचं दिसत नाही. हे शिकली कुठे?"

"काय सांगू, डॉक्टर," मी डोळे पुसत म्हटलं, "हल्ली कॉम्प्युटरवर नाही नाही ते येत असतं."