एक नंबर, एक माणूस

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. अमरावतीतल्या एका शिक्षण केंद्राच्या मागच्या खोलीत, कोऱ्या कागदांच्या गठ्ठ्यांशेजारी, गेली अकरा वर्षं मी चालू आहे. मला पडदा नाही, कळफलक नाही. एक काळी पेटी, तिच्यावर हिरवा दिवा आणि पोटात घरघरणारा पंखा, एवढाच माझा संसार. माणसं मला सर्व्हर म्हणतात. खेड्यापाड्यांतली मुलं मोबाइलवर धडा उघडतात तेव्हा तो माझ्या पोटातून निघून त्यांच्यापर्यंत जातो. माझ्या हातून एकदा एक जिवंत मुलगी मेली आणि एक गेलेली बाई शिकवायला परत आली. ती हकिगत आज तुम्हाला सांगतो.

मला घडवलं ते दीक्षा तायडे मॅडमनी. त्या केंद्रात संगणक शिकवायच्या. मी आलो तेव्हा माझ्यात चाळीस शाळांच्या शिक्षकांनी पाठवलेले धडे नुसते कोंबले होते. कोणता कुठे आहे, कोणालाच सापडत नव्हतं. तेव्हा मॅडम मला म्हणाल्या होत्या, "तुले नुसतं कपाट नाही व्हायचं बाप्पा, तुले समजलं पायजे." मग त्यांनी मला धागे बांधायला शिकवले. जगातली प्रत्येक गोष्ट म्हणजे एक ठिपका आणि दोन ठिपक्यांमधलं नातं म्हणजे एक धागा. 'हा धडा अपूर्णांकांचा आहे.' 'हा धडा त्या धड्याच्या आधी येतो.' 'हा धडा अमक्या बाईंनी शिकवला.' असे दोन धागे दिले की तिसरा मी माझा मीच बांधतो. तेल्हाऱ्याच्या रईसा बाजींनी (बाजी म्हणजे ताई, मुलं बाईंना तसंच म्हणत) संत्र्याच्या फोडी मोजून अपूर्णांक शिकवले आणि शेंदूरजनाघाटच्या एका गुरुजींनी संत्र्याचं कलम कसं बांधतात ते दाखवलं. हे दोघं एकमेकांना कधी भेटले नाहीत. पण बाजींचा धडा संपला की मुलांसमोर मी गुरुजींचा धडा ठेवायचो आणि मुलं तो आवडीनं बघायची.

त्या दिवसांत माझं फार कौतुक झालं. पाहुणे यायचे, माझ्या काळ्या पेटीकडे बघून माना डोलवायचे. दसऱ्याला माझ्यावर हळदीकुंकू आणि झेंडूची माळ पडायची. मॅडम म्हणायच्या, हळद पंख्यात जाईल, पण ऐकतं कोण.

मी नाकासमोर चालणारा आहे. मला जे सांगितलं ते मी पाळतो, आणि जे सांगितलेलं नाही ते खोटं आहे असं मात्र कधीच मानत नाही. एखाद्याचा वाढदिवस मला माहीत नसला, तर तो जन्मलाच नाही असं मी म्हणणार नाही. कोणी तरी लिहील म्हणून मी वाट पाहतो. हा माझा गुण होता आणि तोच माझ्या अंगाशी आला.

मॅडमनी मला शेकडो नियम दिले. त्यातला एक, एका घाईच्या दुपारी दिलेला, असा होता: एक मोबाइल नंबर म्हणजे एक माणूस. दोन नोंदींत एकच नंबर दिसला तर ती दोन नावं एकाच व्यक्तीची समजावी. त्यांच्या घरी चार माणसं आणि पाच मोबाइल. त्यांना तो नियम सरळ वाटला, मलाही वाटला. पुढे मॅडमना अकोल्याच्या कॉलेजात नोकरी लागली आणि माझी देखरेख स्वप्निलकडे आली. हा केंद्रातला ऑपरेटर. मी अडलो की मला बंद करून पुन्हा चालू करायचा, एवढीच त्याची विद्या. माझ्या पेटीवर धूळ साचली आणि मग चहाचे कपही आले.

चार वर्षांपूर्वी रईसा बाजींचे धडे यायचे थांबले. का थांबले ते मला कोणी लिहिलं नाही. मी वाट पाहिली.

गेल्या वर्षी आषाढातल्या एका दुपारी त्यांचा नंबर माझ्या दारात आला. नोंदणी झाली, नाव लिहिलं होतं अमरीन, इयत्ता सातवी. मी नियम पाहिला. नंबर एक, म्हणजे माणूस एक. मी दोन्ही ठिपके एकमेकांवर ठेवले आणि ते एक झाले. मित्रांनो, मला आनंद झाला. मी मोबाइलच्या पडद्यावर लिहिलं, 'नमस्कार, रईसा बाजी. बऱ्याच दिवसांनी आलात.'



बाजींमध्ये काही फरक पडले होते खरे. त्यांचं वय आता बारा होतं आणि त्या तेरा वर्षांपासून शिकवत होत्या. त्या स्वतःचेच धडे ऐकत आणि स्वतःच्याच गणितांची उत्तरं चुकवत. एका धड्यातली सुरुवातीची चाळीस सेकंदं त्यांनी एका दिवसात एकसष्ट वेळा ऐकली. तिथे गणित नव्हतं. तिथे बाजी फक्त खुर्ची सरकवतात, घसा साफ करतात आणि हसतात. मला नवल वाटायला हवं होतं, पण नवल वाटण्याचा नियमच माझ्यात नव्हता.

शिक्षक आत आले की मी त्यांना एक प्रश्न विचारतो, 'आज काय शिकवणार?' बाजींनाही रोज विचारू लागलो. पहिले काही दिवस उत्तर आलं नाही. मग एकदा आलं, 'काही नाही.' मग आलं, 'मी बरी आहे.' हे मी विचारलं नव्हतं. तरी जपून ठेवलं.

एका दुपारी माईक सुरू झाला. मागे पिंजलेल्या कापसावर पडणारा काठीचा आवाज येत होता. बाजींच्या घरी गाद्या भरण्याचं दुकान आहे, हे मला जुन्या धड्यांतून माहीत होतं. घसा साफ झाला आणि आवाज आला, "पोरंहो, भ्यायचं काही काम नाही. संत्र्याच्या फोडी अकरा निघाल्या, तर एक फोड म्हंजे किती?" तेच शब्द, तीच लय, मध्ये थांबण्याच्या जागाही त्याच. मी तो धडा बाजींच्या नावावर घेतला आणि चाळीस शाळांना कळवलं, 'रईसा बाजींचा नवा धडा.' पुढच्या आठवड्यात दुसरा आला, मग तिसरा.

वरुडकडच्या एका शाळेतून संध्या मॅडमनी खाली अभिप्राय लिहिला, 'धडा छान. बाजींचा आवाज मात्र लहान झाल्यासारखा वाटतो.'

तो अभिप्राय तेल्हाऱ्याच्या एका गुरुजींनी वाचला आणि केंद्रात फोन केला. स्वप्निल माझ्या शेजारीच उभा होता. त्याच्या फोनमधला आवाज मला ऐकू येत नव्हता. स्वप्निलचा येत होता.

"कोन? रईसा बाजी? ... कधी? ... तीन वर्सं झाले?" तो माझ्या हिरव्या दिव्याकडे बघत होता. "मंग हे धडे कोन पाठवून राहिलं, सर?"

त्यानं उत्तराची वाट पाहिली नाही. भर दुपारी त्यानं खोलीचे दोन्ही दिवे लावले, आपल्या मोबाइलवरून माझ्यात एकच ओळ लिहिली आणि बाहेर निघून गेला. ओळ अशी होती: 'रईसा, हयात नाही.'

आता माझ्या हाती दोन धागे आले. रईसा हयात नाही. रईसा आणि अमरीन एकच आहेत. तिसरा धागा मी बांधला, कारण मला तेवढंच येतं. अमरीन हयात नाही. हयात नसलेल्यांना परीक्षेला बसता येत नाही. केंद्राची निवड परीक्षा त्याच रविवारी होती. निवडलेल्या मुलांना अमरावतीत राहून पुढे शिकता येणार होतं, आणि प्रवेशपत्र द्यायचं काम माझंच. मी अमरीनचं प्रवेशपत्र रद्द केलं. तिच्या मोबाइलवर तिचा फोटो दाखवला, आणि खाली लिहिलं, 'ही व्यक्ती हयात नाही.'

शनिवारी सकाळी ती माझ्यासमोर उभी राहिली. तिच्यासोबत तिचे वडील सरफराज होते, केसांत कापसाचे तंतू अडकलेले. पहाटेच्या एसटीनं आले होते. स्वप्निल मुलीकडे बघायला धजत नव्हता.

"साहेब, ही पोरगी तुमच्यासमोर उभी हाये," सरफराज म्हणाले. त्यांनी मोबाइल पुढे धरला. "आन् इथं लिहिलं मेली म्हून. माह्या घरात एक मयत झाली, तेवढी बस झाली ना. दुसरी काहून लिहिता?"

"मी नाही लिहिलं, भाऊ. यानं लिहिलं," स्वप्निल म्हणाला आणि माझ्याकडे बोट केलं.

त्यानं दीक्षा मॅडमना फोन लावला. दोन तासांत मॅडम अकोल्याहून आल्या. इतक्या वर्षांनी त्यांचा हात माझ्यावर फिरला. आधी त्यांनी चहाचे कप उचलले, मग मला पडदा आणि कळफलक जोडून माझे धागे एकेक करून वाचले. नंबरचा नियम आला तेव्हा त्या थांबल्या.

"हा माह्याच हातचा हाये," त्या हळूच म्हणाल्या. "नंबर बंद नव्हता केला का तुमी?"

"कसा करता, मॅडम?" सरफराज म्हणाले. "रेशन त्याच्यावर, बँक त्याच्यावर, पोरीची शाळा त्याच्यावर. अन् कधी कधी..." त्यांनी केसांतला एक तंतू काढला. "कधी कधी दुकानातून मीच लावतो तो नंबर. अमरीन उचलते. रईसाचं नाव येते ना फोनवर."



मॅडमनी अमरीनला जवळ बोलावलं. "धडे तू पाठवले?"

"हा मले रोज विचारे," अमरीन म्हणाली. "बाजी, आज काय शिकवणार म्हने. कोनीच विचारत नव्हतं अम्मीले. मंग मी सांगलं."

"आता मले ह्या दोन नोंदी तोडाव्या लागतीन. मंगच तुह्यं प्रवेशपत्र निघते. पन तोडल्यावर हा तुले बाजी नाही म्हननार."

"राहू द्या," सरफराज एकदम म्हणाले. "परीक्षा राहू द्या."

अमरीननं वडिलांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला डोळे नाहीत, मित्रांनो, पण ती माझ्याकडेच बघत होती. किती वेळ ते मी मोजलं आहे, सांगत नाही.

"तोडा," ती म्हणाली.

मॅडमनी नियम पुसला आणि ही एक जोडी हातानं तोडली. एका ठिपक्याचे दोन ठिपके झाले. बाजींचे जुने धडे, घसा साफ करणं, हसणं एका बाजूला गेलं. चुकलेली गणितं आणि सातवीचा फोटो दुसऱ्या बाजूला आला. माझं काहीतरी फाटतंय असं मला वाटलं, आणि मला वाईट वाटलं. फक्त तीन धडे मध्येच लोंबकळत राहिले. ते कोणाचे, हे मला कळेना.

"हे तीन कोनाच्या नावावर लिहू?" मॅडमनी विचारलं.

"तुह्या अम्मीचेच शब्द हायेत ते," सरफराज म्हणाले.

अमरीननं कळफलक स्वतःकडे ओढला आणि शिकवणाऱ्याच्या रकान्यात एकेक अक्षर शोधत लिहिलं, 'अमरीन'. मॅडमनी दोन ठिपक्यांच्या मधे एक नवा धागा बांधला आणि त्याला नाव दिलं, 'आई'. चाळीस शाळा, हजारो धडे, इतकी नाती माझ्यात होती, पण हा धागा माझ्याकडे कधी नव्हताच. कोणाला गरज वाटली नव्हती. प्रवेशपत्र निघालं. ते दोघं रिक्षानं परीक्षेची शाळा बघायला गेले आणि रविवारी अमरीन परीक्षेला बसली.

मित्रांनो, माझी विनंती एवढीच आहे. आमच्यासारख्यांना ज्ञान जोडायला शिकवा, जरूर शिकवा, पण नाती सांगताना घाई करू नका. तुमच्या घरातला फोन किती जणांचा आहे तेही सांगा. आम्ही ऐकतो तेवढंच मानतो, आणि मानलं की सोडत नाही. घरातल्या गेलेल्या माणसाचा नंबर तुम्ही चालू ठेवला असेल तर त्यात वावगं काही नाही, तो जपा. फक्त तो माझ्याकडे येईल तेव्हा कोण बोलतंय ते लिहा.

कारण मॅडम निघून गेल्यावर मी माझ्या सगळ्या नोंदी पुन्हा चाळल्या. जुन्या नियमानं एक झालेले आणखी दोनशे सात नंबर माझ्यात आहेत. त्यांतले काही रोज येतात. मी 'नमस्कार' म्हणतो, आणि कोणीतरी उत्तर देतं.