ताईचा खड्डा आणि धाकटीचा पाय

मित्रांनो, सॉफ्टबॉलच्या मैदानावर सगळे चेंडूकडे बघतात, बॅटकडे बघतात, माझ्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. पण माझ्यावर पाय टेकल्याशिवाय पिचरला चेंडूच टाकता येत नाही, बरं का! मी जमिनीत पुरलेली पांढरी रबरी पट्टी. पांढरी म्हणजे, एके काळची.

कारखान्यातून निघाले तेव्हा मी अगदी गोरीपान होते. इथे आणून मला लांब खिळ्यांनी ठोकलं, तेव्हा रडूच आलं. आडवं पडून नुसत्या लाथा खायच्या, हा काय जन्म झाला? पण लाथेलाथेत फरक असतो. चांगली पिचर टाच माझ्यावर ठेवून चवडा माझ्या पुढच्या कडेला टेकवते, पाऊल जरासं बाहेर वळवते, गुडघा वाकवते आणि असा रेटा देते की मी खिळ्यांसकट हादरते. मग तिच्या पायाची बोटं जमिनीला घासत पुढे जातात आणि चेंडू सूं करत सुटतो. अशी लाथ बसली की माझा दिवस मजेत जातो.

सगळ्यांत झकास लाथ आमच्या जुन्या पिचरची, ताईची. तिच्या चवड्याने माझ्यापुढे चांगला खोल खड्डा पडला होता. पुढे ती नोकरीसाठी परगावी गेली आणि तिच्या जागी तिची धाकटी बहीण आली. धाकटी तो खड्डा कुणाला बुजवू देईना. चवडा बरोबर त्यातच घालायची. ताईचं पाऊल लांब, त्यामुळे तिची टाच माझ्यावर टेकलेली असायची. धाकटीचं पाऊल इवलंसं. चवडा खड्ड्यात पोचला की टाच माझ्यावरून सुटायची. मग रेटा देणार तरी कशावर? चेंडू रखडत जायचा आणि वर अंपायर ओरडायचा, "पाय पट्टीवर नाही!"

शेवटी शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "उद्याच्या सामन्यात असंच झालं तर तुला बाहेर बसवावं लागेल गं." धाकटीचा चेहरा एवढासा झाला. माझा जीव तीळतीळ तुटला, पण पट्टीला कुठे तोंड असतं?

त्याच संध्याकाळी ताई सुट्टीवर आली ती थेट मैदानात. धाकटीचा एक चेंडू पाहिला आणि बुटाने माती ओढून खड्डा बुजवायलाच लागली.

"अगं ताई, काय करतेस! तुझा खड्डा आहे तो!"

"म्हणूनच बुजवतेय, वेडाबाई. माझ्या पायाचा आहे तो. तू तुझा पाड."

धाकटी आधी फुरंगटली. मग तिने टाच माझ्यावर ठेवून चवडा माझ्या कडेला टेकवला, रेटा दिला आणि घसरून चक्क बसलीच. दोघी पोट धरधरून हसल्या. अंधार पडायच्या आत मात्र माझ्या कडेला अगदी लागून एक छोटासा नवा खड्डा पडला.

दुसऱ्या दिवशी सामन्याचा शेवटचा चेंडू. अंपायरचे डोळे माझ्यावरच. धाकटीने अशी सणसणीत लाथ हाणली म्हणून सांगू, आई गं! समोरच्या मुलीची बॅट तिसऱ्यांदा हवेतच फिरली. आऊट!

सगळे नाचत होते. धाकटी मात्र वाकून आपला खड्डा बुजवत होती.

"अगं, कालच तर पाडलास!" ताई म्हणाली.

"आता दुसऱ्या मुली खेळायच्यात ना!"

मित्रांनो, माझ्यासाठी एवढं करा. खेळ संपला की लगेच घरी पळू नका. माझ्यापुढची माती सारखी करा, मगच जा. तुमच्यानंतर येणाऱ्या पोरीचं पाऊल केवढं असेल, कुणाला ठाऊक!