भोगवट्याच्या फायलीवर कुंकू

महापालिकेचा जिना चढून चढून तात्यासाहेबांच्या गुडघ्यांची वाट लागली होती, तोंड मात्र दिवसेंदिवस जास्तच चालायला लागलं होतं. चालणारच. दीड वर्ष झालं, पडेगावला तीन मजली इमारत उभी आहे, वर घरची माणसं राहतायत, आणि खालच्या मजल्यावर सुनेचं प्रसूतिगृह कुलपात. का, तर भोगवटा प्रमाणपत्र नाही. बांधकाम मंजूर नकाशाप्रमाणं झालंय, आता वापरा, एवढं सांगणारा एक कागद. तो नाही म्हणून दवाखान्याची नोंदणी नाही. 'प्रेरणा प्रसूतिगृह' अशी पाटी प्लॅस्टिकात गुंडाळून जिन्याखाली पडलेली.

प्रेरणा म्हणजे त्यांची सून, बाळंतपणाची डॉक्टर. पुण्यातली चांगली नोकरी सोडून ती इथं आली ती सासऱ्याच्या शब्दावर. "तू ये पोरी, दवाखाना मी बांधून देतो," असं तात्यांनी चारचौघांत सांगितलं होतं. आता त्याच पुण्याच्या दवाखान्यानं तिला पुन्हा बोलावलं होतं आणि आज संध्याकाळपर्यंत उत्तर मागितलं होतं. ती गेली की मुलगा सत्यम जाणार, नात श्रेया जाणार. मग तीन मजल्यांत तात्या आणि त्यांची बायको आवडाबाई, दोघंच.

त्रुटी तरी किती काढाव्यात माणसानं. कधी जिन्याची रुंदी मोजा, कधी टाकीचा नकाशा आणा, कधी फोटो पूर्वेकडून काढलाय, उत्तरेकडून पाहिजे. आर्किटेक्टनं एकेक करून सगळं पुरं केलं. तरी सही नाही.

आज आवक खिडकीतल्या बाईनं आवाज खाली करून सांगितलं, "फाईल काकासाहेब इंजिनिअरकडंच होती बघा. तुमच्या वास्तुशांतीची पत्रिका त्यांच्या ड्रॉवरात पडलीय, मी डोळ्यानं बघितली."

तात्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. काकासाहेब म्हणजे पाचोडचा, गावचा पोरगा. गाववाला म्हणून तात्यांनी ऑफिसात जाऊन, अक्षता देऊन त्याला निमंत्रण दिलं होतं. मागच्या साली अक्षय्य तृतीयेला तो बायकोला घेऊन आला, पंगतीत पुरणपोळ्या हाणल्या, टॉवेल-टोपी घेतली. आणि आता तीच पत्रिका दाबून बसलाय? आपण भोगवट्याआधीच राहायला गेलो म्हणून फास आवळायला? असल्या माणसाला आपण हातानं तूप वाढलं, याचीच तात्यांना जास्त चीड आली.

काकासाहेब मोठ्या साहेबांच्या केबिनमध्ये होता. तात्यांनी दार ढकललं.

"काकासाहेब, लाज वाटती का रे तुला? माझ्या दारी पोटभर जेवलास, अन् माझीच पत्रिका ड्रॉवरात ठिवून दीड वर्ष मला नाचवतोस?"

काकासाहेबाचा चेहरा पडला. "तात्या, बाहेर बसा. मी येतो."

"बाहेर नाय. इथंच काढ ती पत्रिका. साहेबांना बी कळू दे, तू कसलाय ते."

मोठ्या साहेबांनी चष्मा काढला. "कसली पत्रिका? आणा इकडं."

शिपायानं ड्रॉवरातून पत्रिका आणली. साहेबांनी तारीख वाचली, मग समोरच्या फायलीतली अर्जाची तारीख वाचली. "अर्ज श्रावणातला. राहायला मात्र तुम्ही अक्षय्य तृतीयेलाच गेलात?"

"मुहूर्त होता," तात्या म्हणाले. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती.

"आणि तुम्ही तिथं जेवायला गेला होता?" साहेबांनी काकासाहेबाला विचारलं.

"व्हय सर."

साहेबांनी फाईल मिटून आपल्याकडं ओढली. "विनापरवाना वापराची नोटीस काढा. चौकशी होईल, दोघांचीही. तोवर प्रकरण थांबलं."

मूळ पत्रिका साहेबांकडंच राहिली; बाहेर पॅसेजमध्ये काकासाहेबानं तिचा आधीच काढून ठेवलेला पाठपोट रंगीत झेरॉक्स तात्यांच्या हातात ठेवला.

"मागं आवकचा शिक्का बघा. फायलीला ही मी नाय लावली तात्या. तुम्ही लावली. फाईल दिली त्या दिवशी, पहिल्या पानावर, कुंकवाचं बोट लावून."

तात्यांना आठवलं. आर्किटेक्टला बाजूला सारून ते स्वतःच फाईल द्यायला आले होते. सुनेच्या कामाची सुरुवात कोऱ्या कागदानं नको, म्हणून उरलेल्या पत्रिकांतली एक देवापुढं ठेवून, कुंकू लावून वर जोडली होती. पाचोडला कुठलाही शुभ कागद ते तसाच द्यायचे.

"कुणाच्या नजरेला पडली असती तर त्याच दिवशी नोटीस निघाली असती," काकासाहेब म्हणाला. "म्हणून मी काढून ठिवली. माझी नोकरी जाईल हे कळत होतं मला, तरी. जेवलो होतो ना तुमच्यात. साहेबांच्या समोर होती ती तुमचीच फाईल. सहीलाच नेली होती."

तो वळून निघून गेला. शिव्या घालायला तात्यांना आता कुणी उरलं नव्हतं.

खिशात मोबाईल वाजला. प्रेरणा होती.

"तात्या, पुण्याहून दोनदा फोन आला. काय सांगू त्यांना? झाली का सही?"

"होणार होती," तात्या म्हणाले. "मी होऊ दिली नाय."

मागं श्रेया आजीशी भांडत असल्याचा आवाज येत होता.

"पुण्याला हो म्हण पोरी," तात्या म्हणाले, आणि भिंतीला धरून जिना उतरायला लागले.