मुहूर्ताचा फोटो

लॅबमधून आलेलं पाकीट तुळजाजींनी रेवाच्या हातातून जवळजवळ ओढूनच घेतलं, नखानं चिकटपट्टी खरवडली आणि आतले चार मोठे प्रिंट कुणाला हात लावू न देता स्वतःच भिंतीवरच्या फळीला टाचले. टाचता टाचता एक टाचणी निसटून खाली पडली. रेवा ती उचलायला वाकली.

“राहूं दे मा,” ते म्हणाले. “टाचणी उचलतां आली म्हणून फोटो काढतां येतो, असं नव्हे.”

रेवानं टाचणी उचलली आणि फळीच्या कडेला खोचून ठेवली. चार महिन्यांत तिला या बोलण्याची सवय झाली होती. लग्न होऊन ती नाशिकहून चेन्नईला आली. नवरा यश उजाडता उजाडता गुम्मिडिपूंडीच्या कारखान्याची बस धरायचा, आणि ही तिरुवल्लिकेणीतल्या या माडीवरच्या फोटो स्टुडिओत, खालच्या मेसमधल्या सांबाराच्या वासात, तुळजाजींचं ऐकून घ्यायची. फोटो मात्र सुरेख काढायची. म्हाताऱ्याला खुपत होतं ते तेच.

म्हातारा म्हटलेलं त्यांना खपलं नसतं म्हणा. वय सदुसष्ट, घराणं तंजावरकडचं मराठी, पांढऱ्या वेष्टीची, म्हणजे धोतराची, घडी कडक आणि जीभ तिच्याहून कडक. स्टुडिओ त्यांच्या धाकट्या भावाचा. भाऊ गेला आणि त्याची मुलगी दिव्यश्री तो चालवू लागली. पण मालकी कुणाचीही असो, नाव तुळजाजींचं होतं, आणि ते झालं होतं एकाच फोटोवर. लग्नात नवरा मुलगा ताळी, म्हणजे मंगळसूत्र, बांधतो, नादस्वरम् एकदम चढतं, चहूकडून अक्षता उडतात, तो क्षण. बाकीचे फोटोग्राफर तेव्हा फ्लॅशचा लखलखाट करतात आणि धडाधड वीस फोटो ओढतात. तुळजाजी फ्लॅश लावायचे नाहीत. श्वास रोखून, समयांच्या उजेडात, सेकंदाच्या तिसाव्या भागात एकच फोटो. आणि तो काढल्यावर कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर बघायचं नाही, हा त्यांचा दंडक. स्वयंपाक करणाऱ्यानं सारखं झाकण काढून बघू नये, असं ते म्हणत. फिल्मच्या काळात बघता येतच नव्हतं. आता बघता येत असूनही ते बघत नसत. त्यांचे फोटो निवडणं, सारखे करणं, अल्बममध्ये बसवणं हे सगळं आता रेवा करायची. ते पाहायचे थेट छापलेला अल्बम, तोही मान हलवण्यापुरता.

भांडण लागलं होतं दोन कॅमेऱ्यांवरून. जुना तुळजाजींचा: पंधरा-सोळा वर्षांचा, दहा मेगापिक्सेलचा, रबर सुटून पुन्हा चिकटवलेला, बटण दाबलं की खटाक्कन् अख्ख्या मंडपाला कळवणारा. नवा गेल्या वर्षी घेतलेला: पंचेचाळीस मेगापिक्सेलचा, आवाज जवळपास नाही, अंधारातही दिसतं त्याला. तो रेवा वापरायची. तुळजाजींचं म्हणणं, जुन्यात कातडीचा रंग माणसाच्या कातडीसारखा येतो, नव्यात इस्पितळातल्यासारखा. दिव्यश्रीचं म्हणणं, लोकांना आता भिंतभर फोटो हवा असतो आणि जुना तेवढा ताणला की भुसभुशीत होतो. येत्या गुरुवारी अड्यारला रामस्वामींच्या नातीचं लग्न होतं. रामस्वामींना मुहूर्ताचा फोटो दिवाणखान्याच्या भिंतीभर हवा होता. म्हणजे नवाच कॅमेरा. आणि नवा कॅमेरा म्हणजे रेवा, असं दिव्यश्रीच्या तोंडून निघून गेलं.

“कां म्हणून?” तुळजाजी कडाडले होते. “कॅमेरा नवा तर हात पण नवा हवा? त्या रामस्वामीच्या मुलीचं लग्न मी काढलं. आतां नातीचं ही पोर काढणार?”

मग त्यांनीच टूम काढली. जमिनीवर खडूची एक खूण. समोर दिव्यश्री हातात हार घेऊन नवरीसारखी बसलेली, बाजूला पेटवलेली समई आणि घासूनपुसून लख्ख केलेला पितळी कलश. भिंग एकच. खुणेवर गुडघा टेकून दोघांनीही दोन्ही कॅमेऱ्यांनी एकेक फोटो काढायचा. फ्लॅश नाही, स्टँड नाही, पडद्यावर बघणं नाही. चार प्रिंट, मागे फक्त आकडा, कुठला आकडा कुणाचा ते रेवाजवळच्या चिठ्ठीत. आणि निवाडा करणार कोण, तर स्वतः तुळजाजी. “इथं डोळे आणखी कोणास आहेत?” हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, पण तेव्हा कुणाच्या ध्यानात आलं नाही.

दिव्यश्रीनं हे मान्य केलं ते धंदेवाईक मनानं. तिनं दोघांदेखत सांगून टाकलं होतं, “पेरिप्पा, नव्या कॅमेऱ्याचा ज्याचा प्रिंट चांगला, मुहूर्त त्याचा. आणि एक तारखेपासून लग्नांना माणूस एकच. तुमचा आला तर रेवाला मी ठेवत नाही. तिचा आला तर तुम्ही खाली मेसशेजारच्या काउंटरवर बसून पासपोर्ट फोटो काढा.” थोरल्या चुलत्याला पेरिप्पा म्हणायचं आणि पासपोर्टला बसवायचं, दोन्ही तिला एका दमात जमत होतं.

तर आता ते चार प्रिंट फळीवर होते. तुळजाजींनी चष्मा वर केला, मागे सरले, पुढे आले.

एक आणि दोन जुन्या कॅमेऱ्याचे, हे सांगावं लागत नव्हतं. दोन्ही उबदार, मऊ, जवळपास जुळे. जुना कॅमेरा जुन्या शेजाऱ्यासारखा होता. दिसलं तरी बोलत नसे. कुणाचा हात किती स्थिर, ते त्या मऊपणात खपून गेलं होतं.

तीन आणि चार नव्याचे. चार नंबरपाशी तुळजाजी नुसते उभे राहिले. दिव्यश्रीची पापणी न् पापणी वेगळी, हारातल्या मोगऱ्याच्या कळीवरचं पाणी, ज्योतीच्या मुळाशी निळी रेघ. मग त्यांनी तीन नंबर पाहिला आणि त्यांना हसू फुटलं.

“अय्यो! हें बघ, दिव्यश्री. ज्योत एक लावली, फोटोंत दीड आल्यात. तुझ्या पापण्या बघ, काजळ फिसकटल्यासारख्या. नथीचा खडा एक तर त्याचं पिल्लू बाजूला.” त्यांनी तीन नंबरवर बोट आपटलं. “हा हात फोटोवाल्याचा? हा तर पालखीतून जाताना काढल्यासारखा फोटो. नवा कॅमेरा कांहीं झाकत नाही, बघितलंस? ज्याचं जसं, त्याचं तसं दाखवतो. आतां म्हणेल कॅमेरा जड होता. नाचतां येईना, अंगण वाकडं.”

रेवा फळीच्या कडेला उभी होती. तिच्या हातात चिठ्ठी होती.

“असल्या हातानं मुहूर्त काढायचा?” तुळजाजींना आता थांबवत नव्हतं. चार महिन्यांचं साचलेलं होतं. “लोकांच्या मुलीचं लग्न एकदां होतं. ताळी पुन्हा बांधून घेशील? मजला विचारशील तर असल्या माणसानं कॅमेऱ्यास हात लावणं पाप. घरी बसावं, नवऱ्यास डबा करून द्यावा. जगात कामं कमी आहेत?”

“पेरिप्पा, पोदुम,” दिव्यश्री म्हणाली. पुरे. पण ती स्वतःही हसत होती. “रेवा, तीन नंबर कुणाचा?”

रेवानं चिठ्ठी उघडली. वाचली. मग तुळजाजींकडे पाहिलं, एवढं सरळ तिनं त्यांच्याकडे कधी पाहिलं नव्हतं. त्यांच्या पांढऱ्या मिशा आनंदानं पसरल्या होत्या. तिनं चिठ्ठीची घडी केली, पुन्हा घडी केली.

“माझा,” ती म्हणाली.

“आणि चार?”

“काकांचा.”

दिव्यश्रीनं सुस्कारा सोडला. तुळजाजींनी वेष्टी सावरली. जिंकलेल्या माणसाला घाई नसते. ते आपला फोटो डोळे भरून पाहायला चार नंबरच्या अगदी जवळ गेले, नाक कागदाला लागेल इतके. पापण्या पाहिल्या, मोगरा पाहिला, समई पाहिली, आणि मग कलश.

कलशाच्या गोल पोटात खोली उमटली होती. उलटी-वाकडी, पण खिडकीचे गज मोजता यावेत इतकी स्पष्ट. त्या गजांपुढे, नखाएवढं, एक माणूस गुडघ्यावर बसलेलं होतं. कोपरं बरगड्यांना चिकटवलेली, तोंडापुढे कॅमेरा. पिवळा कुर्ता. खांद्यावरून पुढे आलेली वेणी.

तुळजाजींनी मान न हलवता डोळे तीन नंबरकडे नेले. तिथल्या कलशात काही कळत नव्हतं. एक पांढरा फराटा होता, वेष्टीचा.

त्यांनी चष्मा खाली ओढून पुन्हा पाहिलं. लाज वाटली, खोटं कशाला सांगा. कानापर्यंत गरम झाले ते. एक वाक्य बोललं असतं की संपत होतं. ‘चुकलं, तीन माझा.’ ते वाक्य त्यांच्या जिभेवर आलंसुद्धा. त्याच्यामागोमाग खालचा काउंटर आला, पांढरा पडदा आला, हनुवटी वर करा, कान दिसू द्या, हसू नका.

“तर मग ठरलं,” दिव्यश्री म्हणाली. “रेवा, वाईट वाटून घेऊ नकोस. महिनाअखेरपर्यंत तू ये. गुरुवारी पेरिप्पांच्या बाजूला उभी राहून—”

“कशास?” तुळजाजी म्हणाले. आवाज त्यांचा त्यांनाच परका वाटला, पण चांगला खणखणीत होता. “गुरुवारीं नक्को. रामस्वामीच्या घरची गर्दी, त्यांत बाजूला धडपडणारं माणूस कशास हवं? आजच सोड तिला.”

दिव्यश्रीनं खांदे उडवले. “सेरि. तुमची मर्जी. हा चार नंबर आत्ताच मोबाइलवरून रामस्वामींना पाठवते. नमुना म्हणून.”

“थांब.” तुळजाजींनी चार नंबरच्या टाचण्या एकेक करून काढल्या. “डावी बाजू फार झाली आहे. कलशाकडे डोळा जातो. नवरी राहिली बाजूला. तेवढी पट्टी कापून टाकायची.” प्रिंट त्यांनी रेवापुढे धरला. “हें तरी येतं ना तुज?”

रेवानं प्रिंट घेतला आणि कटरच्या टेबलाशी गेली. पट्टीखाली कागद सरळ केला. कलशाशी तिचा अंगठा क्षणभर थांबला. तिनंही पाहिलं, हे तुळजाजींना तिच्या मानेवरून कळलं. मग तिनं पातं खाली ओढलं. कापणं मात्र असं, की कडेला एक केस इकडचा तिकडे नाही. पट्टी टेबलाखालच्या डब्यात पडली. प्रिंट तिनं दिव्यश्रीच्या हातात दिला, खुंटीवरची पिशवी घेतली आणि जिना उतरू लागली.

तुळजाजी तिच्यामागे जिन्याच्या वळणापर्यंत गेले. का गेले, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. खाली मेसमध्ये पहिली पंगत बसत होती, केळीची पानं मांडल्याचा आवाज येत होता.

“मीं सांगितलं होतं तुला?” ते दबक्या आवाजात म्हणाले. “खोटं बोल म्हणून? कां बोललीस?”

रेवा दोन पायऱ्या खाली होती. डोळे भरलेले होते, पण ती रडत नव्हती.

“त्या तुम्हाला पासपोर्टला बसवणार होत्या, काका. मला ते बघवलं नसतं.” तिनं पिशवीचा बंद खांद्यावर नीट केला. “आणि मला वाटलं, तुम्ही सांगाल.”

तुळजाजी कठड्याला धरून उभे राहिले.

“दोन महिने झाले,” ती म्हणाली, “तुमचे मुहूर्ताचे फोटो हललेले येतायत. मंडपातल्या गडबडीत तर जुन्या कॅमेऱ्यालाही झाकता येत नाहीत. मैलापूरचं लग्न, मग ते वडपळनीचं. अल्बममध्ये माझे लावले मी. तुमच्या नावानं. दिव्यश्रीताईंना माहीत नाही.” थोडं थांबून तिनं विचारलं, “डॉक्टरांना दाखवलंत का हात?”

त्यांनी कठड्यावरचा हात पाठीमागे नेला. वडपळनीच्या मुहूर्ताचा फोटो पाहून मुलीच्या बापानं त्यांचे हात आपल्या डोळ्यांना लावले होते. तो फोटो त्यांनी घरी बायकोला, सईबाईंना, दोनदा काढून दाखवला होता.

रेवा खाली गेली. मेसच्या दारात तिनं चपला पायात सरकवल्या आणि ती बसस्टॉपच्या दिशेनं वळली.

“पेरिप्पा!” वरून दिव्यश्रीची हाक आली. “रामस्वामी फोनवर आहेत. फोटो बघितला. खूश झालेत. या, तुमच्याशीच बोलायचं म्हणतात.”

तुळजाजी वर आले. फोन त्यांनी दोन्ही हातांत धरला. पलीकडून रामस्वामी तमिळमध्ये भरभरून बोलत होते: काय हात आहे हो तुमचा, या वयात, दृष्ट लागेल; नातीला फोटो दाखवला तर ती नाचायला लागली; भिंत रंगवून घेतोय, मापं घेऊन ठेवलीत. मग म्हणाले, तुमच्याबरोबर ती मराठी मुलगी असते ना, तिलाही आणा गुरुवारी, दोघं असलेली बरी, मुहूर्ताची वेळ कुणासाठी थांबत नाही.

दिव्यश्री समोरच बसली होती. कापलेला प्रिंट तिनं उजेडाकडे धरला होता आणि ती कौतुकानं काकांकडे बघत होती.

“नको, नको,” तुळजाजी म्हणाले. “मी एकटा पुरे आहे.”