मास्तरांचे केस

"कापू का?" न्हाव्याने विचारले, आणि मास्तर म्हणाले, "नाही."

न्हाव्याचा हात मशीनसकट हवेतच राहिला. मनोरुग्णालयाच्या या वॉर्डात त्याने आजवर सगळी डोकी सरसकट भादरली होती. डोक्याच्या मालकाला विचारायची पद्धतच नव्हती. आता कायदा आला होता. रुग्णाच्या मर्जीशिवाय केस कापायचे नाहीत. माणूस आजारी पडला तरी त्याची इच्छा आजारी पडत नाही, असे डॉक्टरांनी सगळ्यांना बसवून समजावले होते. न्हाव्याचे मत वेगळे होते. माणूस सवयीचा गुलाम. मानेवर हात ठेवला की तो मान खाली घालतो, एवढेच त्याला धंद्यात कळले होते.

पण नेमके आजच नाही म्हणावे? दुपारी मास्तरांचा धाकटा भाऊ त्यांना घरी न्यायला येणार होता. मास्तर बरे होऊन वर्षे लोटली, न्यायलाच कोणी येत नव्हते. भावाची अट एकच होती: घरात सुना-नातवंडे आहेत, माणसांत शोभेल असा करून ठेवा.

"अहो मास्तर, घरी जायचंय ना? मग ऐन वेळी कसला हा आडमुठेपणा?"

"जायचंय. पण हे नको."

"राहू दे," सिस्टर म्हणाल्या. "नाही म्हणजे नाही."

भाऊ आला. मास्तर पिशवी भरून बाकावर बसले होते, केस कानांवर आलेले.

"हे काय? मी निरोप दिला होता ना?"

"ते नको म्हणतात," न्हावी म्हणाला.

"त्याला काय विचारायचं? मी डोकं धरतो, तुम्ही मशीन फिरवा."

न्हाव्याला मोह झाला. चार हात फिरवले की माणूस घरी जात होता. सिस्टरनीही कदाचित काणाडोळा केला असता. त्याने मशीन उचलले. भावाचा हात लागताच मास्तरांनी आपणहून मान खाली घातली. ती वाकलेली मान पाहून न्हाव्याला स्वतःचीच शिसारी आली.

"मला नाही जमणार," तो म्हणाला.

"मग राहू दे त्याला इथंच," म्हणून भाऊ निघून गेला.

मास्तर पिशवी मांडीवर घेऊन तसेच बसून राहिले. न्हाव्याचा पारा चढला.

"मिळाला हक्क? आता घ्या चाटून! हवं तरी काय होतं तुम्हाला?"

"कात्रीनं कापायचे होते. भांग पडेल एवढे ठेवून."

"मग मघाशी तोंडात काय धरलं होतं?"

"तुम्ही कापू का एवढंच विचारलंत."

न्हावी फाटकाकडे धावत सुटला. भावाची गाडी केव्हाच गेली होती.

तो परत आला. वॉर्डात कात्री एकट्याने वापरायची नाही, म्हणून सिस्टरना जवळ उभे करून त्याने ती चालवली, शेवटी भांग पाडला आणि आरसा धरला. मास्तरांनी मान इकडे-तिकडे वळवून पाहिले.

"मागे जरा जास्तच कापले गेलेत."

या वॉर्डात त्याच्या कामाला कोणी नाव ठेवल्याचे त्याला आठवत नव्हते.

"हो, चुकलं माझं," तो म्हणाला.

मास्तरांनी खांद्यावरचे केस झटकले आणि पिशवीतले कपडे एकेक करून कपाटात लावायला घेतले.