दीक्षाच्या तीन खुणा

घरात बसून शिव्या हासडणाऱ्याला शूर म्हणायची नवी रीत आली आहे, मंडळी. मोबाइलवर गोळीबाराचा खेळ लावायचा, कानात हेडफोन खुपसायचे आणि आपल्याच साथीदारांचा उद्धार करायचा. बिरवाडीचा सुशांत त्यातलाच. वय चोवीस, कारखान्यात कंत्राटावर कामाला आणि चौघांच्या टीमचा कॅप्टन. महाडचा जुनैद, दासगावचा हमजा आणि पोलादपूरची सुशांतची मावसबहीण दीक्षा हे बाकीचे तिघे. खेळायचे सगळे आपापल्या घरून, पण सुशांतचं खेकसणं चारही घरांत पोचायचं.

दीक्षाची नजर चौघांत तेज. झाडाआड दडलेला शत्रू तिला सगळ्यांआधी दिसायचा, म्हणून टीमच्या मागे राहून पहारा करायचं काम तिच्याकडे होतं. पण महिन्यापूर्वी तिने एकदा चुकीची खबर दिली, टीम हरली आणि सुशांतने फर्मान काढलं की यापुढे दीक्षाने माइक बंद ठेवायचा. काही दिसलंच तर नकाशावर खूण करायची. बाईमाणसाची बडबड आपल्याला नको, असंही वर सुनावलं. काय ही मिजास! तिने मुकाट्याने माइक बंद केला. जुनैद आणि हमजा गप्प राहिले, कारण मध्ये पडलं की शिव्या आपल्या वाट्याला येतात हे दोघांनाही ठाऊक होतं.

रविवारी दुपारी स्पर्धेचा निकाली डाव होता. जिंकेल ती एकच टीम पुण्याच्या फायनलला जाणार. सहा महिने सुशांतने दुसरा ध्यास घेतला नव्हता. अखेर मैदानात दोनच टीम उरल्या आणि समोरच्या पडक्या घरातून गोळ्या सुटायला लागल्या. सुशांतने सगळ्यांना घरावर धावून जायचा हुकूम दिला. तेवढ्यात नकाशावर मागच्या ओढ्यापाशी दीक्षाची खूण उमटली. मग दुसरी. मग तिसरी. पोरगी घाबरली असणार, असं म्हणून सुशांतने तिकडे बघितलंसुद्धा नाही. पुढच्याच क्षणी दीक्षा गोळी लागून पडली, तरी तिला उचलायला त्याने कुणाला जाऊ दिलं नाही. घरात होता एकच जण. उरलेले तिघे ओढ्यातून वर आले आणि त्यांनी सुशांतसकट तिघांना पाठीमागून टिपलं. अर्ध्या मिनिटात पुणं हातचं गेलं!

मग काय विचारता! सुशांतने तोंडाचा पट्टा सोडला. दीक्षा बिनकामाची, पोरीला टीममध्ये घेतलं हीच चूक, असं बरंच काही तो बरळला. शेवटी जुनैद बोलला.

"खुणा मी पण बघितल्या होत्या. हमजाने पण."

"मग बोललात का नाय?"

"तू बोलू देतोस कुठे?"

जुनैद खेळातून बाहेर पडला, त्याच्यामागे हमजाही. दीक्षा तर केव्हाच गेली होती.

ओटीवर सुशांतचे काका श्रीपत बसले होते, पायदळातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. पुतण्याच्या रोजच्या शिव्यांना ते कावले होते. त्यांनी त्याला समोर बसवलं आणि सांगितलं की तुकडीत निम्मे पुढे सरकतात तेव्हा निम्मे त्यांच्यासाठी नजर ठेवतात. मागच्याने हाक मारली की पुढच्याने थांबायचंच. त्यांच्या तुकडीला एकदा असाच एक खेकसणारा नायक मिळाला होता. खबर आणली की शिवी मिळायची, त्यामुळे हळूहळू खबर येणंच थांबलं.

"वाटेवरची सुरुंगाची तार दोघांनी बघितली होती रे," काका म्हणाले. "सांगितली कुणी नाय. पाय गेला तिसऱ्याचा. घाबरलेल्या माणसाला दिसतं सगळं, पण तो सांगत नाय."

खेळ वेगळा आणि लढाई वेगळी, हे उत्तर सुशांतच्या ओठांवर आलं होतं. पण त्याला दुसरंच काही आठवलं. गेल्याच मंगळवारी कारखान्यात रसायनाच्या पाइपाचा जोड ठिबकताना त्याने स्वतः पाहिला होता आणि सुपरवायझर अंगावर येईल म्हणून न पाहिल्यासारखं करून तो पुढे गेला होता. दुसऱ्या कुणीतरी आरडाओरडा केला म्हणून निभावलं. ज्याला आपण दिवसभर मनात शिव्या घालतो, घरी येऊन आपण तोच होतो! सुशांतला स्वतःची लाज वाटली.

त्याने दीक्षाला फोन लावला. तिने दोनदा कापला. तिसऱ्यांदा उचलला तेव्हा तो चुकलो म्हणाला.

"मला एकटीला नको सांगू," दीक्षा म्हणाली. "बोललास तेव्हा सगळे ऐकत होते ना? मग हे पण सगळ्यांना ऐकू दे. पुढे खेळायचं की नाय, ते माझं मी ठरवीन."

दुसऱ्या दिवशी कामावरून आल्यावर त्याने तिघांना खेळात गोळा केलं. दीक्षाच्या खुणा बरोबर होत्या, हरलो ते माझ्यामुळे, आणि बाईमाणूस म्हणून तिला जे बोललो ते हलकटपणाचं होतं, असं त्याने सगळं कबूल केलं. मग दीक्षाने माइक चालू केला.

"मी खेळीन. पण कॅप्टन जुनैद."

सुशांत आतल्या आत चडफडला, पण "बरं" म्हणाला.

मंडळी, खेळातली टीम असो, कारखान्यातली पाळी असो की आपलं घर असो, खरं सांगणाऱ्याला जिथे शिवी मिळते तिथे माणसं गप्प बसायला शिकतात. ज्याच्या हाती हुकूम आहे त्याने आधी दुसऱ्याचं ऐकून घ्यावं. नाहीतर धोका सगळ्यांना दिसेल आणि ज्याला सांगायला हवा, नेमका त्यालाच कुणी सांगणार नाही.